हात आणि चाक यांच्यामधलं रबर

जुन्या स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग सैल वाटायला लागलं की मालक आधी अलाइनमेंट करून घेतो. मग टायर बदलतो, टाय रॉड एंड बदलतो आणि शेवटी रॅकच्या दुरुस्तीला किती पडतील म्हणून विचारायला लागतो. स्टिअरिंगचा दांडा आणि रॅक यांच्यामध्ये तळहाताहून लहान एक रबरी चकती बसलेली असते, तिच्याकडे कुणी बघतच नाही. ती आठवेपर्यंत बऱ्याचदा चांगला, निर्दोष रॅक उघडून झालेला असतो. या चकतीला कपलिंग म्हणतात. गाडी चालवणाऱ्याच्या हातातली प्रत्येक हालचाल तिच्यातून जाते. ती बदलायची कधी, कशी आणि कशानं, या प्रश्नाला मुंबईत काही खास बाजू आहेत आणि त्यातल्या बऱ्याच रे रोडच्या आसपास एकत्र येतात.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ते पारखून घेता येईल. झिजलेल्या कपलिंगच्या जागी मूळच्याच जातीचं, तितक्याच मऊपणाचं, अलीकडे तयार झालेलं कपलिंग बसवावं. मूळ रचनेत रबर फाटल्यावरही लोखंड लोखंडाला धरून ठेवण्याची सोय असेल तर तिला हात लावू नये. कपलिंग कडक करून घेण्याचा मोह होतो, तसा मिळेल त्या रबराची चकती कापून घेण्याचाही होतो. दोन्ही टाळावेत. रे रोडला कुठलीही वस्तू कापून, घासून, जोडून मिळते, म्हणून हे तिथल्या माणसांना तोंडावर सांगता येईल इतक्या स्पष्टपणे म्हणायला हवं.

रे रोड हा भाग लोखंडावर जगत आला आहे. कुर्ला ते रे रोड हा हार्बर मार्गाचा पहिला टप्पा 12 डिसेंबर 1910 रोजी सुरू झाला. स्टेशनाला नाव मिळालं ते 1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं. स्टेशनाच्या पूर्वेला दारूखाना, लकडी बंदर, कोळसा बंदर. भरतीला जहाज वर ओढून घ्यायचं आणि ओहोटीला गॅस कटरनं कापायचं, हा इथला धंदा. जुनी विमानवाहू नौका ‘आयएनएस विक्रांत’ 2014 मध्ये इथेच तोडायला घेतली गेली, आणि तिच्या पोलादाचा काही भाग बजाजनं 2016 साली ‘व्ही’ या मोटारसायकलीसाठी वापरला. जहाजातून पत्रा निघतो, तसेच पंप, जनरेटर, बेअरिंगं, व्हॉल्व आणि मोठमोठी रबरी कपलिंगंही निघतात. त्यांच्या जोरावर आसपासच्या गाळ्यांत लेथ, शेपर, वेल्डिंगची कामं चालतात.

मोटारीही या पट्ट्याला नव्या नाहीत. रे रोडच्या पुढचं कॉटन ग्रीन सोडलं की शिवडी लागते. तिथे जनरल मोटर्सनं 1928 मध्ये गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला आणि 1954 मध्ये तो बंद केला. तोवर कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली होती आणि फियाट 1100 चं युग सुरू होत होतं. पुढे तीच पद्मिनी झाली, टॅक्सी झाली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. या दीर्घ काळात मुंबईच्या मिस्त्रींचा हात फियाटवर बसला. फियाटला स्टिअरिंग बॉक्स असतो. त्यातला प्ले काढायचा तर बॉक्सवरचा स्क्रू थोडा आवळायचा, आर्म आणि टाय रॉड तपासायचे. दोन पिढ्या हेच शिकल्या. म्हणून रबरी कपलिंगची गाडी समोर आली की अनुभवी माणसाचाही हात सवयीनं आधी दुसरीकडेच जातो. त्यात कमीपणा काही नाही. रोज जे समोर येतं त्यातूनच माणूस शिकतो.

आपल्याकडे या कपलिंगशी सगळ्यात जवळची ओळख असलेलं घराणं म्हणजे ट्रायम्फ हेरल्डचं. इटालियन डिझायनर मिकेलोत्ती यांनी आखलेली हेरल्ड इंग्लंडमध्ये 1959 मध्ये आली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं 1961 पासून ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नावानं भारतात बनवली. तिच्याच सांगाड्यावरची दोन माणसांची उघडी गाडी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, 1962 ते 1980. दोघींनाही रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आहे, दोघींचं पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, आणि दोघींत स्टिअरिंगचा दांडा रॅकच्या पिनियनला रबरी कपलिंगमधून जोडलेला असतो. हेरल्ड अवघ्या 25 फुटांत वळते, मुंबईच्या गल्लीत याचं मोल कळतं. दादर-गिरगावात ज्यांनी हेरल्डच्या मागच्या सीटवर बसून लहानपण काढलं असेल, त्यांना स्पिटफायरच्या बॉनेटखाली सगळं ओळखीचं वाटेल.

गाडी किती बनली यावर तिचं कपलिंग आज मिळणार की नाही हे ठरतं. स्पिटफायर तीन लाखांहून जास्त बनल्या, म्हणून इंग्लंडमध्ये तिचे सुटे भाग आजही नव्यानं बनतात. फोक्सवॅगन बीटल दोन कोटींच्या वर गेली. तिचं रबरी कपलिंग तर जगात कुठेही मागवता येतं. खरी अडचण थोड्या बनलेल्या गाड्यांची आहे. सॅन मोटर्सनं गोव्यात ‘स्टॉर्म’ ही रेनॉच्या 1149 सीसी इंजिनाची फायबर बॉडीची दोन सीटची गाडी काढली. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरलं की पुढे अलिबाग. तिथल्या चिंकारा मोटर्सनं इसुझूच्या 1.8 लिटर इंजिनावर लोटस सेव्हनच्या धर्तीचा रोडस्टर बनवला. अशा गाडीचा कुठलाही भाग झिजला की मालक कॅटलॉग मिटवतो आणि लेथचा गाळा गाठतो.

आता मूळ वस्तूकडे. कपलिंगचा गाभा म्हणजे रबरात बसवलेले कापडाचे थर. वरच्या दांड्याचा फ्लँज त्याला समोरासमोरच्या दोन बोल्टांनी धरतो, खालचा फ्लँज मधल्या दोन बोल्टांनी. म्हणजे लोखंड लोखंडाला लागत नाही, वळवण्याचा सगळा जोर रबर आणि कापड वाहून नेतं. यानं तीन कामं होतात. रस्त्यावरचे बारीक धक्के हातापर्यंत येत नाहीत. दांडा आणि पिनियन यांच्या रेषेत थोडा फरक असला तर तो सामावला जातो. आणि बॉडी व चासी वेगवेगळ्या हलतात तेव्हा ओढाताण पिनियनच्या बेअरिंगवर जात नाही. हेरल्ड-स्पिटफायरला वेगळी चासी आहे, म्हणून हे तिसरं काम तिथे फार मोलाचं आहे.

झिजलेलं कपलिंग हातात घेऊन बघा. सपाट पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात, त्या वयाच्या. त्या असूनही कपलिंग काही काळ चालतं. खरी भीती बोल्टच्या भोकांची. भोक गोल राहिलेलं नसतं, लांबट झालेलं असतं, आणि कडेनं कापडाचे धागे कुंचल्यासारखे बाहेर आलेले असतात. चकती दोन हातांत धरून वाकवली की भोकाजवळची चीर तोंड उघडते. इंजिनाचं तेल गळून रबर फुगलेलं असेल तर नखानं खरवडल्यावर काळा लगदा निघतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत फ्लँजवर गंज चढतोच, पण दांड्याच्या स्प्लाइनपाशी तांबूस, मैद्यासारखी बारीक पूड दिसली तर तो साधा गंज नसतो. तिथलं लोखंड लोखंडावर घासतंय. अशा वेळी नुसतं रबर बदलून उपयोग नाही, फ्लँजच्या स्प्लाइन्सच गेलेल्या असतात.

दोष नक्की कुठला हे ओळखायला दोन माणसं आणि पाच मिनिटं पुरतात. चाकं जमिनीवर असू द्या, इंजिन बंद. एकानं स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे किंचित हलवत राहायचं. दुसऱ्यानं बॉनेट उघडून अंगठा वरच्या फ्लँजवर आणि तर्जनी खालच्या फ्लँजवर ठेवायची. वरचा हलतो आणि खालचा मागून येतो, तर कपलिंग गेलं. दोन्ही एकदम हलतात पण रॅकचा अख्खा नळा चासीवर सरकतो, तर रॅकची रबरी बैठक गेली. या घराण्यात रॅक यू-बोल्टांनी रबरी ठोकळ्यांवर धरलेला असतो आणि ते ठोकळे कपलिंगच्या बरोबरीनं म्हातारे होतात. पिनियन फिरतो आणि रॅकचा दांडा उशिरा हलतो, तर रॅकच झिजलाय. टाय रॉड हलतो आणि चाक थांबून राहतं, तर बॉल जॉइंट. या क्रमानं पाहिलं असतं तर शहरातले कितीतरी रॅक विनाकारण उघडले गेले नसते असं मला वाटतं.

आणखी एक खूण आहे, विजेची. हॉर्नच्या बटणाची अर्थिंग स्टिअरिंगच्या दांड्यातून रॅककडे आणि तिथून चासीला जाते. मध्ये रबर आल्यानं ती तुटते, म्हणून कपलिंगवरून एक छोटी अर्थ पट्टी टाकलेली असते. बीटलमध्येही अशीच तार आहे. ही पट्टी तुटली की हॉर्न वाजत नाही, किंवा फक्त वळताना वाजतो. मग हॉर्न बदलला जातो, रिले टाकला जातो, आणि दोष जिथल्या तिथे राहतो. कपलिंग बदलताना ही पट्टी परत लागली का, हे बघणं कामाचा भाग आहे.

काम तसं अवघड नाही, पण त्याची शिस्त आहे. चाकं सरळ करायची, बॅटरीची तार काढायची. दांडा, फ्लँज आणि पिनियन यांच्यावर रंगानं एका रेषेत खुणा करायच्या, म्हणजे परत बसवताना स्टिअरिंग तिरकं येणार नाही. फ्लँजचा पिंच बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांड्यावरच्या खाचेतून गेलेला असतो. इथे घाई करणारा हातोडा उचलतो. तो उचलू नये. दांड्यावर घातलेला घाव थेट पिनियनच्या बेअरिंगवर बसतो. गंजावर तेल सोडून रात्रभर ठेवावं आणि फ्लँजची फट स्क्रू ड्रायव्हरनं हलकेच रुंदावावी. हेरल्ड-स्पिटफायरचा दांडा दोन भागांचा, एकात एक सरकणारा असतो. अपघातात तो आत जावा म्हणून डॅशबोर्डखाली एक क्लँप आहे. तो सैल केला की दांडा मागे सरकतो आणि कपलिंग मोकळं होतं.

बसवताना एका गोष्टीकडे कमी लोकांचं लक्ष जातं. चारी बोल्ट आवळल्यावर चकती सपाट दिसली पाहिजे. ती बशीसारखी फुगली किंवा मुरडली असेल तर दांडा तिला ढकलतोय किंवा ओढतोय. क्लँप परत सैल करून दांड्याला त्याची जागा घेऊ द्यावी आणि मगच क्लँप व त्याचा अ‍ॅलन स्क्रू पक्का करावा. मुरडलेली चकती नवी असली तरी वर्षा-दोन वर्षांत भोकापाशी फाटते आणि दोष मात्र रबराच्या दर्जाला जातो. बोल्ट नवेच हवेत, नायलॉकचे नट नवेच, आणि जिथे मूळची लॉकवायर आहे तिथे लॉकवायरच. या गाड्यांचे आटे इंची मापाचे, बारीक असतात. नागदेवीला ते अजून मिळतात, पण बोल्टाच्या डोक्यावरची ताकदीची खूण बघून घ्यावेत. बिनखुणेचा चकचकीत बोल्ट स्टिअरिंगला लावू नये.

आता वादाचा मुद्दा: रबरच का? बाजारात पॉलीयुरेथेनची कपलिंगं आहेत. ती तेलाला दाद देत नाहीत आणि जास्त कडक असल्यानं स्टिअरिंग चटकन प्रतिसाद देतं. शर्यतीच्या ट्रॅकवर ती मलाही पटतात. पण मुंबईत गाडी पेव्हर ब्लॉक, गटाराची झाकणं आणि पुलांचे सांधे यांच्यावरून जाते. तिथे तो कडकपणा मनगटात उतरतो आणि रॅकच्या दातांवरही. शिवाय ज्या पॉलीच्या चकतीत कापडाचा थर नाही, तिच्यात एकदा चीर पडली की तिला अडवणारं काही नसतं. विश्वासाच्या बनवणाऱ्याकडून, थर असलेली मिळाली तरच घ्यावी.

दुसरे लोक रबर काढून थेट क्रॉस जॉइंट लावतात, ट्रकच्या शाफ्टला असतो तसा लहान. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो मुळातच आहे आणि तिथे तो उत्तमच आहे. पण जिथे कारखान्यानं रबर दिलंय तिथे एकच क्रॉस बसवला तर कोनाचा हिशोब बघावा लागतो. एका क्रॉसमधून जाणारी गती एकसारखी राहत नाही. 10 अंशांच्या कोनात ती दीड टक्क्याच्या आसपास कमी-जास्त होते, हाताला कळतही नाही. 30 अंशांत मात्र एका फेऱ्यात ती 0.866 पटीपासून 1.155 पटीपर्यंत झुलते आणि वळणात स्टिअरिंग मध्येच हलकं, मध्येच जड लागतं. त्यावर उपाय म्हणून दोन क्रॉस लावायचे, तर त्यांचे काटे नेमके जुळवून बसवायला हवेत. आणि बॉडी व चासी वेगळ्या हलण्याची ओढ रबर शोषून घेत होतं ती नव्या रचनेत कुठे जाणार, याचं उत्तर कुणी आधी शोधत नाही.

तिसरा मार्ग खास इथला. बंदरातल्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा घ्यायचा, त्यातून चकती कापायची, चार भोकं पाडायची. दिसायला ती मूळच्या चकतीसारखीच दिसते. पण बेल्ट लांबीच्या दिशेनं ओढ सोसण्यासाठी विणलेला असतो. आडव्या दिशेला त्याची ताकद कमी. कपलिंगवर ओढ चारी बोल्टांच्या दिशांनी आळीपाळीनं येते. त्यात कपलिंगच्या भोकांत पोलादी बुश रबरात पक्के बसवलेले असतात, कापलेल्या तुकड्यात बोल्ट थेट कापडावर दाबतो आणि भोक लांबवत जातो. पंपाला किंवा जनरेटरला असा तुकडा चालेल, तो फाटला तर यंत्र थांबेल. स्टिअरिंगचा फाटला तर गाडी थांबत नाही.

मग रे रोडचा उपयोग काय? पुष्कळ आहे. स्प्लाइन गेलेला फ्लँज, वाकलेला दांडा, रॅकच्या बैठकीचे ठोकळे, बोल्टांचे स्लीव्ह, हे सगळं इथला चांगला टर्नर मापात आणून देतो. जुन्या भागावरून माप घेणं, झीज वजा करून मूळचं माप ओळखणं, ही इथली खरी विद्या आहे. असा माणूस काम घेण्याआधी तुकडा कशाचा, कुठे बसतो आणि त्यावर जोर कसा येतो हे विचारतो. जो विचारत नाही त्याला स्टिअरिंगचं काम देऊ नये. रबराचा भाग मात्र साचा असलेल्याकडूनच यावा. ऑपेरा हाऊसच्या दुकानांत, कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा चोर बाजारात कधी जुन्या स्टॉकमधलं, वेष्टनातलं कपलिंग निघतं आणि मालक हरखून जातो. त्यानं थोडं थांबावं. चाळीस वर्षं खोक्यात पडलेलं रबर न वापरताही म्हातारं होतं. वाकवून बघा, चीर दिसली तर ते कपाटात ठेवायची वस्तू आहे.

कायद्याचंही थोडं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 98 वा नियम स्टिअरिंगबद्दल आहे. स्टिअरिंगचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नको आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात, असं तो सांगतो. यातली दुसरी अट मला फार महत्त्वाची वाटते आणि तपासणीत तिच्याकडेच सगळ्यात कमी बघितलं जातं. पहिली अट फारच उदार आहे. 15 इंची स्टिअरिंगच्या कडेवर 30 अंश म्हणजे जवळजवळ 10 सेंटिमीटर. इतका प्ले असलेली स्पिटफायर मी कुणालाही ईस्टर्न फ्रीवेवर न्यायला देणार नाही. पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी मिळते. तिथे गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा, ही अट आहे. झिजलेलं कपलिंग मूळच्याच जातीच्या नव्या कपलिंगनं बदलणं ही देखभाल आहे. दांडा कापून क्रॉस वेल्ड करणं म्हणजे देखभालीची रेघ ओलांडणं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर ते वेल्डिंग बघतोच.

थोड्या बनलेल्या गाड्यांचा प्रश्न मात्र एकेकट्यानं सुटणारा नाही. एका कपलिंगसाठी साचा बनवणं कुणालाच परवडत नाही, पण एका मॉडेलच्या वीस-पंचवीस मालकांनी मिळून वसई-भिवंडीकडच्या एखाद्या रबर मोल्डिंगच्या कारखान्याला काम दिलं, थरांची दिशा, भोकांतले बुश आणि रबराचा कडकपणा लेखी ठरवून घेतला, आणि पहिले दोन-तीन नग मुद्दाम फाटेपर्यंत पिळून बघितले, तर ते जमेल. मुंबईत व्हिंटेज आणि क्लासिक गाड्यांचे मेळावे दरवर्षी भरतात. तिथे पॉलिश आणि क्रोमच्या गप्पा खूप होतात, त्यातला एक तास अशा मालकांची यादी करायला द्यावा. आणि जुनं कपलिंग काढल्यावर भंगारात देऊ नका. त्याचे फ्लँज आणि बुश साच्यासाठी नमुना म्हणून लागतात, आणि चकती कुठून फाटली हे बघून नवी कुठे जाड हवी ते कळतं.

नवीन कपलिंग बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत तपासावेत, रबर तोवर थोडं दबलेलं असतं. नंतर दर पावसाळ्यानंतर एकदा बॉनेट उलटून अंगठा आणि तर्जनी फ्लँजवर ठेवावी, आणि त्याच वेळी रॅकच्या बैठकीचे ठोकळेही हलवून बघावेत.